पुरीला नेलेला कुकर

गोंदियात पुष्पांजली कापगते ज्या गल्लीत राहते, तिथल्या बायकांना घड्याळ लागत नाही. तिच्या स्वयंपाकघरातून पहिली आदळआपट ऐकू आली की समजावं, नळ आला. दुसरी ऐकू आली की तिचा नवरा डबा घेऊन मिलमध्ये निघाला. पुष्पांजली रागावते ती भांड्यांतून. पातेल्याचा राग वेगळा, परातीचा वेगळा, आणि झारा आपटला तर तो सासरच्या माणसांबद्दल असतो हे पलीकडच्या भिंतीलाही कळतं. शेजारची अल्का म्हणते, "पुष्पाचं भांडं वाजून राहिलं तं मी निवांत झोपतो. वाजलं नाई तं माह्या पोटात गोळा येते." कारण पुष्पांजली खरी रागावली की आवाज बंद होतो. तसं फार वेळा झालेलं नाही. एकदा झालं ते पुरीला, समुद्राच्या काठावर, आणि त्यात घरातला कुकर गेला.

तिचा नवरा टेकचंद तांदळाच्या मिलमध्ये सुपरवायजर आहे. मिलमधले सगळे त्याला सुपरवायजरसाहेब म्हणतात, मालक सोडून. मालक त्याला "ए टेकचंद" म्हणतो. माणूस मनानं लोण्यासारखा आहे, म्हणजे कोणीही बोट घालावं. 'हो' म्हणण्यात त्याचा हात धरणारा जिल्ह्यात नाही. मालकाला हो, हमालाला हो, बापाला हो, बायकोला हो. आणि ही सगळी हो एकमेकांना धडकली की स्वारी चहा प्यायला बाहेर जाते.

समुद्राचं 'हो' त्यानं लग्नाच्या वर्षीच म्हटलं होतं. पुष्पांजलीचं माहेर सालेकशाकडचं, जंगलातलं. तिथं पाणी म्हणजे दगडांतून पळणारा नाला. लग्न होऊन ती चोरखमाऱ्याच्या बाजूला सासरच्या गावी आली, तर घरासमोर हे एवढं मोठं तळं. दुसऱ्याच सकाळी सासूबाईंनी, म्हणजे कुंदाबाईंनी, तिच्या डोक्यावर धुण्याचं गाठोडं ठेवलं. नवी नवरी गुडघाभर पाण्यात उभी राहून पलीकडचा काठ शोधत होती. टेकचंद तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, दात घासत उभा होता. तोंडातला फेस थुंकून तो म्हणाला, "हे तं काहीच नाई. तुले समुद्र दाखवीन."

नवरा विसरला. पुष्पांजली विसरली नाही. समुद्र किती मोठा असतो याचं तिला फारसं कौतुक नव्हतं. तिचं मागणं लहान होतं. जन्मभर ती ज्या ज्या पाण्यात उभी राहिली, तिथं तिच्या हातात काहीतरी होतंच. तळ्यात धुणं, नळावर घागर, पावसाळ्यात गल्लीतलं पाणी घरात शिरलं तेव्हा झाडू. तिला एकदा नुसतं पाण्यात उभं राहायचं होतं. हातात काही नाही, आणि मागून कोणी हाक मारत नाही. एवढंच.

मग मागच्या हिवाळ्यात मिलच्या मालकाच्या मनात नवं यंत्र भरलं. तांदळातला काळा दाणा रंग पाहून वेगळा काढणारं. यंत्राच्या कंपनीनं पुरीला, अगदी समुद्रावरच्या हॉटेलात, तीन दिवसांचा मेळावा ठेवला होता. आपापल्या मिलचा खराबातला खराब तांदूळ घेऊन या, तुमच्यासमोर यंत्रात टाकून दाखवतो, असं आमंत्रण होतं. मालकाच्या नात्यात लग्नं होती. तो म्हणाला, "ए टेकचंद, तू चला जा."

टेकचंद घरी आला तोच हवेत. "पुष्पांजली, कपडे भर. निशाचं कॉलेज बुडलं तं बुडू दे, तिलेही घे. मी दिवसा मीटिंगमध्ये राहीन, संध्याकाळी आपण समुद्रावर."

त्या रात्री गल्लीत एकही भांडं वाजलं नाही, पण ते सुखानं. अल्काला मात्र पोटात गोळा येऊन झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी टेकचंदनं उत्साहाच्या भरात गावी फोन केला. पुरीला जगन्नाथ आहे हे त्याच्या आईला कोणी सांगायची गरज नव्हती. पुष्पांजली स्टेशनवर पाहते तर सासरे केवळराम आणि कुंदाबाई सूनबाईच्या आधी हजर. सासऱ्यांच्या हातात छत्री, सासूबाईंच्या काखेत चुंगडी, म्हणजे लहान पोतं.

"त्याच्यात काय आहे, आत्याबाई?" पुष्पांजलीनं विचारलं.

"चिन्नोर तांदूळ," कुंदाबाई म्हणाल्या. "अन् दाळ, अन् मिरचीपूड, अन् कुकर. विजेची शेगडी ह्यांच्या पिशवीत हाये. मले बाहेरचा भात चालत नाई, तुले तं माहीत हाये."

पुष्पांजलीनं नवऱ्याकडं पाहिलं. नवरा चहा आणायला गेला होता.

गाडीनं सालेकसा सोडेपर्यंत ती गप्प बसली. माहेरचं स्टेशन खिडकीतून मागं गेलं आणि तिचं तोंड सुटलं.

"मी समुद्र पाहाले जाऊन राहिली का भात शिजवाले?"

"दोन्ही होते ना," टेकचंद म्हणाला. "कुकर म्हणजे काय, तीन शिट्ट्या. टेन्शन कायले घेतेस?"

"तुमी द्याल शिट्ट्या?"

समोरच्या बाकावर केवळरामांनी डोळे मिटून घेतले. त्यांना सून आवडत असे, पण लांबून. केवळराम गावच्या तळ्याचे जुने पाणकर. तळ्याचं पाणी कोणाच्या धानाच्या बांधीत आधी आणि कोणाच्या नंतर, हे त्यांनी उभी हयात ठरवलं. त्या तळ्याची पाळ त्यांच्या वाडवडिलांनी घातलेली. त्यामुळे जगात कुठंही पाणी दिसलं की केवळराम त्याची तपासणी करतात. लग्नाच्या पंगतीत पाण्याचा टँकर आला तरी ते उठून आधी त्याची तोटी पाहून येतात.

पुरीला कंपनीनं टेकचंदची सोय समुद्रावरच्या हॉटेलात केली होती, पण ती एकट्याची. म्हणून मागच्या गल्लीत एका लॉजमध्ये मोठी खोली घेतली. त्या खोलीतून समुद्र दिसत नव्हता. ऐकू मात्र येत होता, दिवसभर, भिंतीच्या पलीकडं कोणी धान्याची पोती ओतत असावं तसा. पुष्पांजलीनं जमिनीवर शेगडी मांडली, चिन्नोर धुतला, कुकर लावला आणि समुद्र ऐकत बसली. राग आला म्हणून तिनं पातेलं आपटलं. कोणी पाहिलं नाही. परात आपटली. कुंदाबाई जप करत राहिल्या. तेव्हा तिच्या लक्षात आलं की त्या पाण्याच्या आवाजात तिची भांडी ऐकूच जात नाहीत. इतक्या वर्षांची कमावलेली भाषा, आणि या गावात तिला काडीचा भाव नव्हता.

त्याच सकाळी देवदर्शन झालं होतं. देवळातला महाप्रसाद कुंदाबाईंनी दोन वेळा मागून घेतला होता.

"तो भात चालला वाटते," पुष्पांजली म्हणाली.

"तो देवाचा."

"मंग देवाकडंच जेवू ना तीन दिवस."

"देवाले रोज रोज तरास द्यावा काय, माय?" कुंदाबाई म्हणाल्या. सुनेला रोज द्यावा की नाही, हा प्रश्न निघाला नाही.

आणि ती कुकरच्या शिट्ट्या मोजत असताना केवळराम नातीला घेऊन समुद्र पाहून आले. पुष्पांजलीच्या आधी. दारात छत्री टेकवून त्यांनी निकाल सांगितला, "पाणी बरंच हाये. पण पाळ नाई. तुडूम नाई, पाणी सोडाचं दारच नाई कोठी. कोन्या बेअक्कल माणसाचं काम हाये, कोन जाणे."

"आजोबा, तो समुद्र आहे," निशा म्हणाली. ती अकरावीत आहे आणि आजोबांचे व्हिडिओ काढते.

"असन. पण पाण्याले वळण पायजे."

संध्याकाळी टेकचंद आला तो कंपनीची पिवळी टोपी घालून. हॉटेलात जेवण इतकं भारी होतं, म्हणाला, की चालवत नाही. आता समुद्र उद्या. पाच मिनिटांत तो घोरायला लागला. बायकोनं त्याच्या उशाशी कुकरचं झाकण दोनदा आपटलं. तो झोपेतच म्हणाला, "हो."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पुष्पांजली बोलली नाही. आपटलंही नाही. चहा दिला, धुणं धुतलं, कुकर लावला, शिट्ट्या झाल्यावर खाली उतरवला. कुंदाबाई म्हणाल्या, आज वरण छान झालं. केवळराम म्हणाले, सूनबाईचं डोकं शांत झालं, देवाची कृपा. निशानं एकदा आईकडं पाहिलं आणि मोबाइल बाजूला ठेवला. मग पुष्पांजलीनं झाकण लावलेला कुकर तसाच टॉवेलात बांधला आणि चपला घातल्या.

"जेवण समुद्रावर. ज्याले भूक असन त्यानं यावं."

गेली. जेवणच गेल्यावर मागं राहून काय करणार? सगळं घर तिच्या मागून निघालं. टेकचंदला निशानं फोन केला. कुंदाबाईंना ही कल्पना पटली. धान रोवायच्या दिवसांत तळ्याच्या पाळीवर डबा नेतात, तसंच हे.

समुद्र समोर आला तेव्हा पुष्पांजली थांबली. पण तिला नीट पाहूही दिलं नाही. केवळराम पुढं झाले, पाण्याच्या काठापर्यंत गेले, खाली वाकून वाळू चिमटीत घेतली, छत्री काठाजवळ ओल्या वाळूत रोवली आणि म्हणाले, "सामान अठी."

"मामाजी, इतकं जवळ?"

"कोरडी वाळू उडते, अन्नात जाते. ओल्यावर ठेव."

"पाणी आलं तं?"

केवळराम हसले. साऱ्या गावाचं पाणी ज्याच्या बोटावर नाचलं त्या माणसाला जंगलातली पोर पाणी शिकवत होती. "पाणी काऊन येईल? वरून पाऊस हाये काय? मागं कोनी पाट सोडला काय? पाणी उगाच चढत नसते, सूनबाई. मी छत्री रोवली, त्याच्या अलीकडं थेंब आला तं मिशी काढीन."

वर्षाचे बारा महिने तळं पाहिलेल्या माणसाचं हे बोलणं चूक नव्हतं. चूक गावाची होती.

इतक्यात टेकचंद आला. पिवळी टोपी, पॉलिश केलेले जोडे, आणि पोटाशी धरलेली कापडी पिशवी. तिच्यात मिलचा खराब तांदूळ होता. यंत्रात टाकायचा त्यांच्या मिलचा नंबर उद्या सकाळी लागला होता.

"खोलीत काऊन नाई ठेवली?" कुंदाबाईंनी विचारलं.

"तू शिजवून टाकशील म्हणून."

जोडे काढून त्यानं कुकरशेजारी ठेवले. त्यावर मोजे, त्यावर टोपी, बाजूला पिशवी. केवळरामांनी चष्मा काढून ठेवला. कुंदाबाईंनी चपला. निशानं मोबाइल. हा सगळा ढीग छत्रीपाशी जमला आणि मग टेकचंद ते वाक्य बोलला, जे प्रत्येक घरात कोणीतरी बोलतं.

"कोनीतरी सामानापाशी बसाले पायजे."

कोणी कोणाकडं बोट दाखवलं नाही. पण चारही माणसं पुष्पांजलीकडं पाहत होती.

"मी आईले धरतो," टेकचंद म्हणाला. "तिचा तोल जाते. बाबाले चष्म्याबिगर दिसत नाई, निशा त्यायले धरन. आमी पाय ओले करून आलोच. मंग तू जा."

यात दुष्टपणा अजिबात नव्हता, हे सांगितलं पाहिजे. टेकचंदला आपण मोठी व्यवस्थित सोय लावली असंच वाटत होतं. पुष्पांजलीनं पदर खोचला. ती वाळूत बसली.

तिच्या समुद्रात तिचं सासर उतरलं. कुंदाबाई पहिल्या लाटेला किंचाळल्या, दुसरीला हसल्या आणि तिसरीला लहान पोरीसारख्या उड्या मारायला लागल्या. केवळराम पाण्याला "ए, ए, हळू" म्हणत होते. टेकचंदचं 'आलोच' लांबत चाललं. एकदा त्यानं वळून हात हलवला, म्हणजे 'मजा येऊन राहिली' असं. पुष्पांजलीनं हात हलवला नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीचं ते गाठोडं तिला आठवलं. निदान तेव्हा पाण्यात उभं तरी राहता आलं होतं.

आणि तेव्हा तिला दिसलं की पाणी छत्रीला लागलं आहे.

लाट आली, छत्रीचं टोक ओलं करून गेली. पुढची त्याहून वर आली. नाल्याकाठी वाढलेल्या बाईला पाणी चढताना कळतं. जंगलातला नाला वर पाऊस पडला की खाली न सांगता येतो. तिला ओरडता आलं असतं. तिनं तोंड उघडलं नाही.

तिनं आधी निशाचा मोबाइल उचलला, ओच्यात टाकला. सासऱ्यांचा चष्मा उचलला; म्हातारा माणूस, आंधळा होऊन कुठं धडपडेल. सासूच्या चपला मागं फेकल्या. मग तांदळाच्या पिशवीवर हात ठेवून ती क्षणभर थांबली. काळा दाणा भरलेला, कोंबडीला घालायच्या लायकीचा तांदूळ. गेला तर मालक "ए टेकचंद" म्हणून जे सुरू करेल ते तिला इथूनही ऐकू येत होतं, आणि त्यापुढं तोंडातून शब्द न निघणारा, पायाच्या अंगठ्याकडं पाहणारा टेकचंदही तिला दिसत होता. त्या माणसाचा तिला संताप आला. इतका संताप, की तिनं पिशवी उचलून छातीशी घट्ट धरली.

राहिला कुकर. शेजारी पॉलिश केलेले जोडे. त्यावर मोजे. त्यावर टोपी.

एक हात रिकामा होता. तो तिनं मांडीवर ठेवला.

लाट आली ती छत्री आडवी करून गेली. परत जाताना तिनं जोडे नेले, आणि कुकर वाळूवर थोडा फिरला, जागच्या जागी, कोणी निरोप घ्यावा तसा. पुढच्या लाटेनं त्याला उचललं. झाकण घट्ट बसलेलं होतं, त्यामुळे तो बुडाला नाही. टॉवेल सोडून, शिट्टी वर करून, चिन्नोर आणि वरणासकट तो समुद्राला निघाला. पिवळी टोपी त्याच्या मागून.

आधी पाहिला तो कुंदाबाईंनी. कमरेइतक्या पाण्यात मुलाचा हात धरून त्या म्हणाल्या, "टेकचंद, हा आपल्या कुकरसारखाच दिसते, नाई?"

"असे लय असतात, आई," टेकचंद म्हणाला. मग त्याला टोपी दिसली.

तो झेपावला, पडला, नाकातोंडात पाणी गेलं. कुकर एका मोठ्या लाटेच्या पाठीवर चढला आणि पलीकडं उतरला. पुन्हा दिसला नाही.

चौघं निथळत बाहेर आले. सगळे एकदम बोलत होते. केवळराम आडव्या छत्रीपाशी उभे राहून ओरडत होते. "कोनीतरी पाणी सोडलं. न सांगता पाणी सोडलं. अठीचा पाणकर कोन हाये, त्याले बोलवा." त्यांचा हात मिशीवर गेला आणि तिथंच राहिला.

"तू अठीच बसली होती ना?" टेकचंद बायकोला म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. तिच्यावर तो आवाज सहसा चढवत नसे. "मंग दिसलं नाई तुले?"

"दिसलं," पुष्पांजली म्हणाली. वाळूत बसल्यापासूनचा हा तिचा पहिला शब्द होता.

"मंग उचलला काऊन नाई?"

"एका हाती तुमची पिशवी होती."

"अन् दुसरा?"

"दुसरा रिकामा होता."

टेकचंद पुढचं बोलणार होता. त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं, मग पिशवीकडं. पिशवी कोरडी होती. ओच्यात मोबाइल होता, चष्मा होता. वाळूत वर, लांब, आईच्या चपला पडल्या होत्या. काय काय वाचलं आणि काय काय गेलं, हे मिलमध्ये रोज दाणा निवडणाऱ्या माणसाला कळायला वेळ लागला नाही. काळा दाणा कोणता ठरला, तेही कळलं.

"पाहून राहिली होती मी," पुष्पांजली म्हणाली. "आधी छत्री पडली. मंग तुमचे जोडे. मंग कुकर. सगळं पाहिलं. तुमी म्हटलं होतं ना, समुद्र दाखवीन म्हणून. असा दाखवतेत? भिंतीआडून ऐकवला एक दिवस. दुसऱ्या दिवशी सामानापाशी बसवली. म्या मागितलं काय होतं? सोनं मागितलं होतं?"

"पुष्पा, लोक पाहून राहिले."

"पाहू द्या. मराठी कोनाले समजते अठी?" तिनं चष्मा सासऱ्यांच्या हातात दिला, मोबाइल मुलीच्या. कुंदाबाई काहीतरी म्हणणार होत्या. निशानं आजीचा हात दाबला. मग पुष्पांजलीनं तांदळाची पिशवी नवऱ्याच्या छातीवर आपटली. वाजली नाही, तांदूळच तो. पण टेकचंद दोन पावलं मागं गेला.

"धरा. अन् बसा सामानापाशी."

तो बसला. खरोखर बसला, अनवाणी, भिजलेल्या पँटीनं, पिशवी मांडीवर घेऊन. पुढच्या सकाळी यंत्रासमोर तो लॉजवाल्याच्या रबरी चपला घालून उभा राहणार होता, आणि गोंदियात मालकाला त्याचे फोटो आधीच पोचणार होते. पण ते नंतर.

पुष्पांजली पाण्यात शिरली. घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग एरवी कधी भिजू दिली नसती अशी भारी साडी कमरेपर्यंत भिजली तरी ती थांबली नाही. राग गेला नव्हता. लाट अंगावर आली की ती तिला खांदा देत होती, भांडायला आलेल्या बाईला द्यावा तसा. हात मोकळे होते आणि त्यांचं काय करावं हे त्यांना समजत नव्हतं. ते दोनदा पदराकडं गेले, एकदा केसांकडं, आणि मग पाण्यावर तसेच पसरून राहिले.

मागून कुंदाबाईंनी हाक मारली, "सूनबाई, आता जेवाचं काय?"

समुद्राचा आवाज मोठा होता. ज्या आवाजात परात ऐकू जात नाही, तिथं सासू कुठून ऐकू येणार.